आईचं भांडं

१० जानेवारी, शनिवार

ऑफिसातून दर वर्षी एक डायरी मिळते आणि दर वर्षी मी ती कुणाला तरी देऊन टाकते. या वर्षी ठेवून घेतली. बोलायला कुणी नाही म्हणून. घरात माणसं आहेत, पण ज्यांच्याविषयी बोलायचं तीच ती माणसं.

आज आई हॉस्पिटलमधून थेट आमच्याकडे आली. एकटी राहायची. स्वयंपाकघरात पाय घसरून पडली आणि शेजारीण वर्तमानपत्र परत द्यायला आली तेव्हा कुठे कळलं. तोवर सकाळपासून फरशीवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण महिनाभर त्या पायावर भार द्यायचा नाही. दादाने हॉस्पिटलच्या जिन्यातच सांगून टाकलं, आमच्याकडे तीन मजले, लिफ्ट नाही, आईला चढवायचं कसं. वहिनी काही बोलली नाही. न बोलणं हेही एक बोलणंच असतं. मी म्हटलं, ठीक आहे, माझ्याकडे.

पलंगाशेजारी ती खुर्ची आणून ठेवली आहे. मध्ये भोक, खाली सरकवायचं प्लास्टिकचं भांडं, वर झाकण. चांगल्या पायावर तोल सांभाळून आई आपली आपण खुर्चीवर बसू शकते. सकाळी अंघोळ घालायला बाई येणार. प्रश्न फक्त भांड्याचा.

संध्याकाळी पहिल्यांदा मीच उचललं. बाथरूमच्या दारापर्यंत गेले आणि वास आला तशी ते तिथेच खाली ठेवून पळाले. माझा नवरा घरूनच काम करतो, इमारतींचे नकाशे काढून देतो. तो टेबलावरून उठून आला आणि म्हणाला, "दे, मी बघतो." थोड्या वेळाने भांडं लख्ख घासून, पुसून परत जागेवर. मला रडूच आलं. सख्ख्या आईचं करताना लोक नाक मुरडतात. हा सासूचं करतोय.

१३ जानेवारी, मंगळवार

भांड्याचं आता त्याच्याकडेच. मी काही बोलले नाही, त्यानेही काही बोलून दाखवलं नाही. सकाळी मी उठेपर्यंत एकदा झालेलं असतं आणि ऑफिसातून येईपर्यंत पुढचं.

आज लिहून टाकते, म्हणजे मनातून जाईल. चार वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली तेव्हा त्याने मला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडायचा आणि संध्याकाळी दमून आल्यासारखा घरी यायचा. जवळजवळ दोन महिने. मला कळलं ते बाहेरच्या माणसाकडून. तेव्हा पाया पडल्यासारखं बोलला होता की तुझ्यापासून पुन्हा काही लपवणार नाही. मी तोंडाने माफ केलं होतं, आतून नाही. काल त्याला हातमोजे वाळत घालताना बघितलं आणि वाटलं, झालं, फिटलं सगळं.

आई मात्र पाणी पीत नाही. ग्लास भरून ठेवला तर तसाच. विचारलं तर तहान नाही म्हणते. म्हातारपणी माणूस हट्टी होतो हेच खरं.

१८ जानेवारी, रविवार

दादा आणि वहिनी येऊन गेले. फळं आणली होती. दादा आईच्या पलंगावर बसून मोसंबी सोलत होता, मोठं काम करत असल्यासारखा. मी सगळ्यांसमोर सांगितलं, आईचं भांडं जावई स्वतःच्या हाताने घासतो, दिवसातून तीन-तीन वेळा. दादाची मान खाली गेली. वहिनी म्हणाली, "आम्हाला नसतं हो जमलं." निदान खरं तरी बोलली.

नवरा तिथेच होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. ते लोक गेल्यावर म्हणाला, कशाला सांगत बसतेस सगळ्यांना. मोठेपणा घ्यायला त्याला पहिल्यापासून संकोच. पण मी का नाही सांगणार? ऑफिसात सांगितलं तर आमच्या साहेबांची बायको म्हणे नवऱ्याशी भांडली त्यावरून. समोरच्या काकू तर भेटल्या की आधी त्याचीच चौकशी करतात.

आई आता नीट पाणी पिते. मी दोनदा रागावले होते त्याचा उपयोग झाला.

२७ जानेवारी, मंगळवार

एक चांगला बदल. भांडी धुवायचं मशीन लावायला मी त्याला पूर्वी दहा वेळा सांगायचे, तेव्हा कुठे एकदा लावायचा. आता दुपारी आपणहून लावतो. मी येते तेव्हा मशीन गरम असतं आणि ओटा मोकळा. मशीनच्या साबणाच्या वड्या मात्र भराभर संपतात. लेकीला विचारलं, तू खेळतेस का त्यांच्याशी? ती आठवीत आहे, तिला रागच आला. बाबांना विचार म्हणाली आणि खोलीत गेली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आईला तपासायला नेलं होतं. हाड छान जुळतंय. डॉक्टर म्हणाले, आता वॉकर घेऊन चालायला हरकत नाही, सोबत कुणी असलं तर बाथरूमपर्यंतसुद्धा. येताना गाडीत आई म्हणाली, "मला बाथरूमपर्यंत जायचंय." मी म्हटलं, होईल हळूहळू, घाई काय आहे. घरी आल्यावर जेवताना पुन्हा तेच. मी साफ सांगितलं, मी घरी नसताना वॉकरला हात लावायचा नाही. डॉक्टरांचं काय जातं सांगायला. फरशीवर पडलेली आई मी बघितली आहे, त्यांनी नाही.

नवरा काही बोलणार होता. मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो ताटाकडे वळला. शेवटी माझी आई आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीला काल सकाळपासून उलट्या-जुलाब. शाळेत काहीतरी खाल्लं असणार. मी सुट्टी घेतली. दोन दिवस तिच्याच मागे. आज बरी आहे, मलूल झाली आहे फक्त. आई पलंगावरून सारखी विचारते, पोरीचं कसं आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

आम्ही विम्याचे दावे तपासतो. लोक खरं सांगतात की खोटं, हे शोधायचा मला पगार मिळतो. आज दुपारी ऑफिसातले संगणकच बंद पडले म्हणून घरी सोडलं. कुलूप उघडून आत आले तर तो कानाला हेडफोन लावून नकाशात डोकं घालून बसलेला, पाठमोरा. स्वयंपाकघरात मशीनचं दार अर्धं उघडं आणि त्यातून वाफ येत होती. म्हटलं चला, निवली असतील तर भांडी लावून टाकू.

खालच्या कप्प्यात आईचं भांडं होतं. उपडं घातलेलं. दुसरं काही नाही. आणि वरच्या कप्प्यात, एका कोपऱ्यात, लेकीची पाण्याची बाटली.

मी किंचाळले नाही. त्याच्या खांद्याला हात लावला आणि त्याला मशीनसमोर आणून उभं केलं.

"हे काय आहे?"

तो म्हणाला, "आधी संडासात रिकामं करतो, चांगलं खंगाळतो. मग सगळ्यात गरम पाण्यावर लावतो. सत्तर अंश. एकटंच लावतो. आणि नंतर मशीन एकदा रिकामं फिरवतो."

"आणि बाटली?"

बाटली त्याला दिसलीच नव्हती. सकाळची राहिली असेल म्हणाला. तिच्याकडे बघता बघता त्याचा चेहरा पांढरा पडला. लेकीचं आजारपण त्याच्याही डोळ्यांसमोर आलं असणार.

"कधीपासून चाललंय?"

"पहिल्या आठवड्यापासून."

म्हणजे दादा मोसंबी सोलत बसला होता तेव्हाही. काकूंना सांगितलं तेव्हाही. माझ्या तोंडून त्याच्या हातांचं कौतुक चाललं होतं आणि इकडे हे मशीन घासत होतं.

मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "मी तुला म्हणत होतो, सांगू नकोस कुणाला."

"तेव्हाच खरं सांगायचं होतंस."

"सांगणार होतो. तू इतकी खूश होतीस."

पुन्हा तेच. बॅग घेऊन बाहेर पडायचं आणि संध्याकाळी दमून आल्यासारखं घरात यायचं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरातलं प्रत्येक भांडं उकळलं. चमचे, गाळणी, किसणी, सगळं. प्लास्टिकचं जे काही होतं ते फेकून दिलं, बाटली सगळ्यात आधी. लेक दारात उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, साफसफाई काढलीय. ती म्हणाली, "बाबांचं कळलं का तुला?"

तिलाही माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी कधीतरी बघितलं होतं तिने. मला का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणते, आजीने सांगितलं होतं नको म्हणून. तिच्या बाबांनी नव्हे, आजीने. मला वाटलं, पोरगी बापाला वाचवायला आजीचं नाव घेतेय. तिला रागावून अभ्यासाला बसवलं.

मशीनच्या कंपनीला फोन केला. गोड आवाजाची बाई होती. आधी मी आडून विचारलं, मग सरळच विचारलं. ती जराही दचकली नाही. रोज कुणीतरी असं विचारतं म्हणाली. कुणी चपला घालतं, कुणी कुत्र्याचं ताट, कुणी संडासाचा ब्रश. मी म्हटलं, मला एवढंच सांगा, ते भांडं स्वच्छ होतं की नाही?

"मॅडम, आमचं मशीन भांडी धुतं. ती निर्जंतुक होतात असं आम्ही कुठेच म्हटलेलं नाही."

धुतलेलं आणि निर्जंतुक यांत फरक काय, असं विचारलं तर म्हणाली, तो डॉक्टरांना विचारा.

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच, असं आईच म्हणायची. कुठलं भांडं कुठल्या भांड्याला लागेल हे मात्र तिने सांगितलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसच्या आधी लेकीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, बाटलीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, गरम पाणी आणि तो कडक साबण यांत बरेचसे जंतू मरतात, पण सगळेच नाही. काही फार चिवट असतात. हॉस्पिटलात अशा भांड्यांसाठी वेगळी मशिनं असतात, त्यांचं पाणी याहून खूप तापतं. घरच्या मशीनमध्ये, जेवणाची भांडी असतात तिथे, हे घालू नये. आपण हातमोजे घालून, जंतुनाशक टाकून, बाथरूममध्येच धुवावं.

मी म्हटलं, म्हणजे माझी मुलगी त्यामुळेच आजारी पडली.

त्या म्हणाल्या, तसं मी म्हणणार नाही. त्या आठवड्यात तुमच्या मुलीच्या वर्गातली निम्मी मुलं माझ्याकडे येऊन गेली. त्यांच्या घरी तर कुणाची आजी नव्हती.

बाहेर पडले तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट चिडचिड झाली. त्याने चूक केली होती की नव्हती, हे कुणी एका शब्दात सांगतच नाही.

संध्याकाळी आईजवळ बसले. वाटलं, तिला कळायलाच हवं, ज्याला ती देवमाणूस समजते तो काय करत होता ते. हळू आवाजात सांगितलं. तिला धक्का बसेल म्हणून हात हातात घेतला होता.

आई म्हणाली, "मला माहीत आहे. मीच सांगितलं त्यांना."

तिने हात सोडवून घेतला आणि चादर सारखी करत बोलत राहिली. पहिले काही दिवस जावई भांडं घेऊन बाथरूममध्ये जायचे, दार लावून घ्यायचे. तिला पलंगावर सगळं ऐकू यायचं. ओकायचे ते. प्रत्येक वेळी. मग चूळ भरून, तोंड पुसून बाहेर यायचे आणि तिच्याकडे बघून हसायचे, काही हवंय का आई म्हणून विचारायचे.

"मला ते ऐकवेना गं. मी पाणी प्यायचं सोडलं. न प्यायलं तर निदान एखादी खेप तरी वाचेल त्यांची. मग एक दिवस मीच म्हटलं, ते मशीन आहे ना तुमच्याकडे, त्यात टाका. ते नको म्हणत होते. मीच माझी शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

हा काय प्रश्न झाला? काहीतरी केलंच असतं. मी तिची मुलगी आहे. माझ्या घरात, माझ्या आईने, माझ्या नवऱ्याला माझ्यापासून लपवायची शपथ घातली, आणि वर मलाच विचारते. मी उठून आले. चहा ठेवला तो उतू गेला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आठवडाभर रजा टाकली आहे. मशीनचा नळ बंद केला, मागची वायर काढून ठेवली. त्याला सांगितलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं, हातमोजे, जंतुनाशक, बाथरूममध्येच. ज्याचं कौतुक सगळ्या गावाने केलं ते निदान आता तरी खरं होऊ दे. तो बरं म्हणाला. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी बाहेर उभी राहते. आवाज येतो. ओकायचाच. इतकं काय आहे त्यात, असं वाटलं मला. मग आठवलं की पहिल्या दिवशी मीही पळाले होते. पण माझी गोष्ट वेगळी, मला लहानपणापासूनच असल्या गोष्टी सोसत नाहीत.

समोरच्या काकूंनी आज पुन्हा त्याचं नाव काढलं. मी म्हटलं, हो, अजूनही तोच घासतो. आज पहिल्यांदा ते खरं होतं आणि आज पहिल्यांदा सांगताना मला लाज वाटली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आई पुन्हा पाणी पीत नाही. समोर बसून एकेक घोट पाजायला गेले तर तोंड मिटून घेते. काल उठून बसताना चक्कर आली. आज लघवीला आग होतेय म्हणाली, अंगात ताप. डॉक्टर घरी आले, औषध दिलं, म्हणाले पाणी हेच खरं औषध. मी त्यांच्यासमोर रडले. इतकं करून माझ्या हाताला यश नाही. आईने माझ्याकडे असं बघितलं जसं मी लहानपणी पडल्यावर बघायची. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

नवरा दारात उभा होता. म्हणाला, "तू एकदा त्यांना विचार ना, काय हवंय."

मी म्हटलं, तुला काय ठाऊक आहे ते सांग, मग मी विचारीन. त्याने आईच्या पाठीकडे बघितलं आणि तो टेबलाकडे परत गेला. पुन्हा एक शपथ असणार.

१ मार्च, रविवार

आई गेली. म्हणजे दादाकडे गेली. तसं लिहिलं तरी वाचताना छातीत धस्स होतं.

मी सकाळी औषधं आणायला गेले होते. आले तर दादा आणि वहिनी घरात. मला वाटलं, आजारपण ऐकून बघायला आले. तर आईची बॅग पलंगावर, साड्या घड्या करून ठेवलेल्या, वहिनी कंगवा आणि चष्म्याचं घर शोधतेय. आईने स्वतः फोन करून बोलावलं होतं. मला न्यायला ये म्हणून. लेकीने फोन लावून दिला होता. माझ्या मागे.

दादाला म्हटलं, तुझे तीन मजले कुठे गेले? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, खुर्चीत बसवून नेऊ वर. तुला चार खांदे असल्यासारखं बोलतोस म्हटलं, तर म्हणाला, "भाऊजी येतायत ना."

नवरा बूट घालत होता.

मी आईच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, माझं काय चुकलं ते तरी सांग. जी बाई तुझं करायला तयार नव्हती, तिच्याकडे जातेस?

वहिनीने बॅगेची चेन लावली आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघून बोलली. ती म्हणाली, "मला भांडं घासायला जमणार नाही हे मी तेव्हाही म्हटलं होतं, ताई, आणि आताही म्हणते. पण आईंना भांडं नकोच आहे. त्यांना चालायचंय. ते मला जमेल."

मी म्हटलं, चालायचंय म्हणजे? ती उभी तरी राहते का? कालच चक्कर आलीय तिला.

तेव्हा आई उठली. पलंगाच्या कडेला हात टेकून, वॉकर पुढे ओढून, कुणाचाही आधार न घेता. आणि चालायला लागली. थांबत थांबत, पण न अडखळता. खोलीतून बाहेर, बाथरूमवरून, दिवाणखान्यातून थेट दारापर्यंत. सवयीच्या रस्त्याने चालावं तशी. लेक तिच्या मागे मागे जात होती, पण हात न लावता. किती अंतर ठेवून मागे राहायचं हे तिलाही शिकवलेलं होतं.

तिला रोज कोण चालवत होतं, हे कुणी सांगायची गरजच नव्हती. दुपारी. मी ऑफिसात असताना. त्याने.

म्हणजे भांड्याचं सोडाच. हे घर दुपारी एक असायचं आणि संध्याकाळी मी आले की दुसरं. मी आले की आई पलंगावर, वॉकर भिंतीशी, तो नकाशापुढे आणि लेक अभ्यासाला. मी घरी राहायला लागले तेव्हा ती दुपारही बंद झाली. आईने पाणी का सोडलं ते आता मला कळतंय. माझ्यामुळे, असं कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर मी उत्तर तरी दिलं असतं.

दारात आईने वॉकर एका हाताने धरून दुसरा माझ्या गालावर ठेवला. म्हणाली, "तू फार केलंस माझं." मला ते एखाद्या परक्या बाईचे आभार मानावेत तसं वाटलं. मी तोंड फिरवलं. आता वाटतं, फिरवायला नको होतं.

तो संध्याकाळी परत आला. खांदे दुखत असणार, तीन मजले. मी विचारलं नाही. म्हणाला, आई व्यवस्थित पोचल्या. मी म्हटलं, तुझं काहीही मला आता आयुष्यात कधी खरं वाटणार नाही. तो म्हणाला, "मी खोटं एकदाच बोललो होतो, नोकरीच्या वेळेस. यावेळी फक्त सांगितलं नाही."

"का?"

"त्या घाबरायच्या तुला."

यानंतर दोघंही जेवलो नाही. लेक एकटी बसून जेवली.

४ मार्च, बुधवार

ऑफिसात रुजू झाले. आज एका माणसाचा दावा फेटाळला. त्याने काही खोटं सांगितलं नव्हतं, एक गोष्ट फक्त सांगितली नव्हती. आमच्या नियमात दोन्हीला एकच शिक्षा आहे. शेरा लिहून झाल्यावर बराच वेळ पेन हातातच राहिलं.

आई मला घाबरायची? मी तिच्यावर ओरडले असेन, पण काळजीने. काळजीने ओरडलेलं आणि रागाने ओरडलेलं यांतला फरक तिला कळू नये?

८ मार्च, रविवार

आज मीच फोन लावला. वहिनीने उचलला. ताप उतरलाय, पाणी भरपूर पितात, दुधात पाव बुडवून खाल्ला म्हणाली. मग आईला दिला. आईचा आवाज चांगला ताजा होता. इकडचं तिकडचं बोललो. लेकीची परीक्षा, दादाच्या घरासमोर चाललेलं रस्त्याचं खोदकाम. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "तुला चालायचंय, हे मला एकदा सांगितलं असतंस तर?"

आई म्हणाली, "सांगितलं होतं गं."

मला आठवत नाही. ती सांगते म्हणजे सांगितलं असेल, पण अशा स्वरात नसेल की मला कळावं.

मी पुढे काही बोलणार, तर म्हणाली, "थांब हं, मला जायचंय." आणि फोन ठेवला कुठेतरी, बहुतेक गादीवर, बंद न करताच. मला सगळं ऐकू येत होतं. वॉकर टेकल्याचा आवाज, मग पाय ओढल्याचा, मग पुन्हा वॉकर. वहिनी लांबूनच म्हणाली, सावकाश, कुणी मागे लागलं नाहीये. त्यावर आई काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. आमच्याकडे होती तेवढ्या दिवसांत तिला हसताना मी ऐकलं नव्हतं. दुपारी हसत असेल.

मग दार लागलं. आणि कडी. आईने आतून कडी लावली.

पडली तर बाहेरून कोण उघडणार? वहिनी तिथेच होती, तिने एका शब्दाने अडवलं नाही. मी फोनमध्ये "वहिनी, वहिनी" म्हटलं, पण कुणाला ऐकू जाणार. नवरा खोलीच्या दारात येऊन उभा होता. काय म्हणतात आई, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आतून कडी लावून बसलीय. तर तो हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, अगदी मनापासून. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मी विचारलं नाही. ती कडी काढून टाका म्हणून दादाला सांगायलाच हवं. पण तोवर फोन कानाशी धरून मी पाण्याचा आवाज येण्याची वाट बघत बसले. बराच वेळ लागला. तिला घाई नव्हती.